वाइनचं द्राक्ष

आमच्या आंदर मावळात पाऊस एवढा, की द्राक्षबागेचं कुणी नावही काढत नाही. आमचा सगळा जीव इंद्रायणी भातात. म्हणून नाशिकला गेलो, तो बागा बघायलाच. कॅलिफोर्नियाच्या सोनोमा भागात जे सांता रोझा शहराचं, तेच आपल्याकडे नाशिकचं. गंगापूर धरणाजवळची सुला वाइनरी 2000 साली सुरू झाली, तीही सोनोमाच्याच केरी डॅमस्की यांच्या सल्ल्यानं. रविवारी तिथं गाड्यांची रांग पाहून मला लोणावळा आठवला.

मी पीत नाही. शायरीतला प्याला तेवढा ओळखीचा! त्यामुळे बागेतच रमलो. कॅलिफोर्नियात वेल हिवाळ्यात झोपते, छाटणी एकदाच. आपल्याकडे एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, पावसाळा सरला की गोडी छाटणी.

एका बागाईतदारांनी घोस हातावर ठेवला. मणी बारीक, साल जाड, आत बिया. गोड, पण खायचं द्राक्ष नव्हे. अडचण तिथंच आहे. थॉमसन बाजारात गेलं नाही, तर निदान बेदाणा होतो. याला वाइनरीशिवाय गिऱ्हाईक नाही. 2008 च्या मंदीनंतर खरेदी आटली, तेव्हा या भागात अनेकांनी वेली उपटल्या. यांनीही.

"आता निम्मी बाग खायच्या द्राक्षाची ठेवलीय," ते म्हणाले. "तुमच्या भाताचा भाव पडला तर काय करता, कवीसाहेब?"

म्हटलं, "पोती घरात ठेवतो आणि वर्षभर खातो."

त्यांनी 2 किलो पाठवायला सांगितला.