गिरनारपासून बैराटपर्यंत

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



 

समितीने मला सांगितले, की बाई, तुम्ही गुजरात-राजस्थानची वीस दिवसांची सहल करून आलात, त्यावर अर्धा तास बोला. मी तीस वर्षे प्राथमिक शाळेत उभे राहून बोलले आहे, तेव्हा अर्धा तास हे माझ्यावर संकट नाही. तुमच्यावर असू शकते. (हशा)

आम्ही निघालो तेव्हा वाडीतल्या पुष्कळांनी विचारले, की बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर सोडून तुम्ही वाळवंटात काय शोधायला चाललात? तिकडे आपले काय आहे? प्रश्न वाजवी होता. आमच्यापैकी निम्म्या लोकांचे बुद्धगया आणि लुंबिनी झालेले होते. बचतगटात दरमहा थोडे थोडे बाजूला काढून पैसे जमवले होते आणि प्रवासी कंपनीच्या छापील पत्रकात किल्ले, राजवाडे, उंटाची सफर आणि पांढरे रण एवढेच होते. आम्ही कंपनीला म्हटले, हे सगळे दाखवा, पण आमची तीन ठिकाणे त्यात घाला: बडोद्याची संकल्पभूमी, गिरनारची शिला आणि बैराटची टेकडी. त्यांनी बैराट नकाशात शोधून काढले आणि मग हो म्हणाले.

जाताना मुंबईजवळ सोपाऱ्याला आम्ही आमच्या आम्हीच थांबलो. सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक, आपल्या अपरान्ताचे, म्हणजे कोकणाचे बंदर. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथला स्तूप उघडला, तेव्हा आत करंडक आणि बुद्धांच्या लहान धातुमूर्ती मिळाल्या. त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला, आणि १९५६ साली नवव्याचा. १९५६ हे साल ऐकल्यावर आमच्यातल्या आजी म्हणाल्या, "आमी दीक्षा घेतली त्याच साली अशोक पन वर आला म्हनायचा." हा योगायोग आहे, पण आजींच्या तोंडून बरा वाटला.

बडोद्याचे मी थोडक्यात सांगते, कारण ती हकीकत तुम्हाला माहीत आहे. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर परदेशी शिकून १९१७ साली बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर आले. राहायला जागा कोणी देईना, म्हणून पारशी धर्मशाळेत पारशी नाव घेऊन राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसे दारात आली. दोन मित्रांकडे आसरा मागितला, दोघांनी सबबी सांगितल्या. मग रात्रीच्या गाडीची वाट पाहत ते कमाटीबागेत बसून राहिले. त्या बागेला आता सयाजीबाग म्हणतात. आम्ही तिथे पोचलो तेव्हा माणसे मुलांना घेऊन फिरायला आली होती, फुगे विकले जात होते. आम्ही त्रिशरण-पंचशील म्हटले. बाकी काही बोलण्यासारखे कोणाला सुचले नाही.

आता गिरनार. जुनागढ शहरातून गिरनार डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एक मोठा काळसर खडक आहे आणि त्याच्यावर इमारत बांधलेली आहे. गाईड म्हणाला, दहा मिनिटे. पुढे डोंगराच्या पायऱ्या आणि रोप-वे आहे, सगळ्यांना तिथे जायची घाई असते. आमच्याबरोबर कॉलेजात जाणारी एक मुलगी होती, ती ब्राह्मी अक्षरे शिकून आली होती. ती खडकाजवळ वाकून एक एक अक्षर लावत गेली आणि एकदम ओरडली, "धंमलिपी! बाई, इथे धंमलिपी लिहिलंय!" त्यानंतर दहा मिनिटांचा दीड तास झाला.

त्या एका खडकावर अशोकाचे चौदा लेख आहेत. काही भाग फुटून गेला आहे. शेकडो वर्षे ही लिपी कोणाला वाचता येत नव्हती, १८३७ च्या सुमारास जेम्स प्रिन्सेप यांनी ती उलगडली. दुसऱ्या लेखात राजा सांगतो, की माणसांच्या आणि जनावरांच्याही औषधोपचाराची सोय केली, औषधी वनस्पती जिथे नव्हत्या तिथे आणून लावल्या, वाटेवर विहिरी खणल्या आणि झाडे लावली. बाराव्यात तो म्हणतो, की आपल्या पंथाची फाजील स्तुती आणि दुसऱ्याच्या पंथाची उगाच निंदा करू नये. आपल्या सभा-संमेलनांतही हा लेख एकदा वाचायला हरकत नाही.

त्याच खडकावर दुसऱ्या बाजूला आणखी एक लेख आहे, तो मला फार महत्त्वाचा वाटला. इ. स. १५० च्या सुमाराचा, रुद्रदामन या शक राजाचा. जवळच सुदर्शन नावाचा तलाव होता. चंद्रगुप्त मौर्याचा अधिकारी पुष्यगुप्त याने तो बांधला आणि अशोकाच्या वेळी तुषास्फ नावाच्या यवन अधिकाऱ्याने त्याला कालवे काढले. पुढे वादळी पावसात बांध फुटला. भगदाड इतके मोठे होते, की मंत्र्यांनी दुरुस्तीला नकार दिला. तरी राजाने तो दुरुस्त करून घेतला, आणि लेखात मुद्दाम कोरले, की यासाठी लोकांवर कर लादला नाही, वेठ घेतली नाही. वेठ हा शब्द आपल्या पणजोबांना पुस्तकातून शिकावा लागला नव्हता. राजाने खरोखर घेतली नसेल की नाही, हे खडक सांगत नाही. पण अठराशे वर्षांपूर्वी एका राजाला वाटले, की वेठ न घेणे ही मिरवण्यासारखी गोष्ट आहे. म्हणजे वेठ चुकीची आहे हे तेव्हाही ठाऊक होते.

तिथून कच्छ. बसमधून दोन्ही बाजूला पांढरे सपाट रण दिसायला लागले तेव्हा आजींनी विचारले, "बाय, या लोकांना पानी कुठनं मिलत असंल गो?" त्या प्रश्नाने आमची पुढची सहल बदलली. जिथे जाऊ तिथे आम्ही राजाचे नाव नंतर आणि पाणी आधी विचारू लागलो.

धोलावीरा हे सिंधू संस्कृतीचे शहर खदीर बेटावर आहे, चहूकडे रण. २०२१ साली ते जागतिक वारसा यादीत गेले. मनसर आणि मनहर या दोन पावसाळी ओढ्यांना बांध घालून ते पाणी खडकात खोदलेल्या आणि दगडांनी बांधलेल्या टाक्यांत साठवले जाई. चार-साडेचार हजार वर्षांपूर्वीची माणसे हे करत होती, आणि आमच्या रत्नागिरीत तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडूनही एप्रिल-मे मध्ये वाड्यांवर टँकर येतो! तिथल्या दफनभूमीत अर्धगोल बांधणीची एक जागा आहे, आत चाकाच्या आऱ्यांसारखी रचना. आमच्यातला एक तरुण म्हणाला, "हा स्तूपच!" मी त्याला म्हटले, दादा, हे भगवान बुद्धांच्या हजारो वर्षे आधीचे आहे, सारखे दिसते म्हणून लगेच आपले म्हणू नये. आपल्याकडे आपले पुष्कळ आहे.

छोट्या रणात मीठ पिकवणारे आगरिया लोक दिसले. पावसाळा सरला की कुटुंबेच्या कुटुंबे रणात जाऊन राहतात आणि जमिनीखालचे खारे पाणी उपसून उन्हाळ्यापर्यंत मीठ काढतात. त्यांच्या पायांची कातडी मिठाने इतकी राठ होते, की मेल्यावर पाय लवकर जळत नाहीत असे सांगतात. बसमध्ये त्यानंतर बराच वेळ गाणी झाली नाहीत.

पाटणची राणी की वाव तुम्ही रोज हातात घेता, शंभराच्या जांभळ्या नोटेवर तीच आहे. अकराव्या शतकात राणी उदयमतीने बांधलेली विहीर, पण खाली उतरत जाणारा सात मजली वाडा म्हणावी अशी. शेकडो वर्षे गाळाने भरली होती, म्हणून नक्षी टिकली. भिंतीवर विष्णूचे अवतार कोरले आहेत आणि त्यांत बुद्धही आहे. गाईडने सांगितले, "ये नौवाँ अवतार." आमच्यात जरा चुळबूळ झाली. मग एक वहिनी शांतपणे पुढे होऊन म्हणाल्या, "भाऊ, आमच्या बावीस प्रतिज्ञांमध्ये आम्ही हे नाकारलेलं आहे. तुम्ही तुमची माहिती सांगा, आमचं आम्ही मनात ठेवू." गाईड तरुण होता. त्याने प्रतिज्ञा म्हणजे काय ते विचारले आणि वहिनींनी त्याला नागपूर, १४ ऑक्टोबर १९५६, सगळे समजावून सांगितले. माझे मत असे, की अकराव्या शतकात बुद्धाला अवतार ठरवले जात होते याचा तो दगडी पुरावा आहे. म्हणून तो बघावा, आणि मान्य करू नये.

पाटणमध्येच सहस्रलिंग तलावाचे अवशेष आहेत. सिद्धराज जयसिंह राजाने तलाव बांधला, पण पाणी राहीना. जसमा ओडण या खोदकाम करणाऱ्या बाईचा शाप होता, अशी आख्यायिका आहे. बत्तीसलक्षणी माणसाचा बळी दिला तर पाणी येईल असे सांगण्यात आले, आणि माणूस निवडला तो अस्पृश्य समाजातला, मायो नावाचा. त्याने मरण्याआधी राजाकडे मागणे केले, की आमच्या लोकांच्या गळ्यातले मडके आणि कमरेचा झाडू काढा, आम्हाला गावाजवळ राहू द्या. गुजरातचे आपले लोक त्याला वीर मेघमाया म्हणतात. ही आख्यायिका आहे, इतिहास म्हणून मी सांगत नाही. पण मडके आणि झाडू हे आख्यायिकेतले नव्हे, ते आपण ओळखतो.

आणि जोधपूरला तेच पुन्हा. मेहरानगढ किल्ला १४५९ साली राव जोधाने बांधायला घेतला. टेकडीवरच्या एका साधूला हलवले म्हणून त्याने शाप दिला, की या गडाला पाण्याचा दुष्काळ पडेल. शाप टळावा म्हणून पायात जिवंत माणूस पुरला. नाव राजाराम मेघवाल. किल्ल्यात त्याच्या नावाची शिळा आहे. आमचा तिथला गाईड तोफा, पालख्या, आरसेमहाल सगळे तपशिलाने सांगत होता, ही शिळा मात्र ओलांडून चालला होता. आम्ही त्याला थांबवले. त्याने मग नीट सांगितले, की त्याच्या कुटुंबाला जमीन दिली होती, तिला राजबाग म्हणतात. आम्ही तिथे दोन मिनिटे उभे राहिलो. दुसरी एक सहल आमच्या मागे खोळंबली, तर त्यांच्यातल्याही काहींनी शिळा वाचली.

जैसलमेरच्या वाळूत उंटावर बसण्याचा कार्यक्रम झाला. माझ्या गुडघ्यांनी नकार दिला, आजी मात्र बसल्या. तिथे वर्षाला जेमतेम दोनशे मिलीमीटर पाऊस. आपल्याकडे जुलैत एखाद्या दिवशी तेवढा पडतो. रात्री वाळूवर बसून मी मुलांना ह्युएन त्संगची गोष्ट सांगितली. सातव्या शतकात तो चीनहून धम्मग्रंथांसाठी निघाला. वाळवंटात त्याच्या हातून पाण्याची पखाल निसटली, सगळे पाणी वाळूत गेले. तो थोडा मागे वळला, आणि मग पूर्वेकडे परत एक पाऊल टाकायचे नाही या आपल्या शब्दाची आठवण होऊन पुन्हा पश्चिमेला चालू लागला. चार दिवस थेंबभर पाणी नाही. तो माणूस पुढे आपल्या महाराष्ट्रापर्यंत आला, पुलकेशीचे राज्य असताना. मुले गप्प ऐकत होती. एकाने उठून आपली बाटली झाकण लावून बॅगेत ठेवली.

आभानेरीची चांद बावडी आणि जयपूर मी सोडून देते, फोटो विहारात लावले आहेत.

शेवटी बैराट. आज त्याला विराटनगर म्हणतात. गावाबाहेर मोठमोठ्या गोल धोंड्यांची टेकडी आहे, 'बीजक की पहाडी'. वर विहाराच्या खोल्यांची जोती आणि एका गोल चैत्याचा पाया आहे, विटा आणि लाकडी खांबांनी बांधलेला, अशोककाळातला. १९३५-३६ साली दयाराम साहनी यांनी तो उकरला. आम्ही गेलो तेव्हा दुसरे कोणीही नव्हते. तिकीट नाही, चहाची टपरी नाही, गाईडलाही माहिती थोडी. इथे अशोकाचा असा लेख होता, ज्यात तो प्रजेशी नव्हे, थेट भिक्षूसंघाशी बोलतो. बुद्ध, धम्म, संघ तिन्हींची नावे घेऊन आपली श्रद्धा सांगतो, आणि सात धम्मग्रंथांची नावे देऊन म्हणतो, की भिक्षू-भिक्षुणींनी आणि उपासक-उपासिकांनी हे वारंवार ऐकावेत. त्यांत भगवंतांनी लहान राहुलला खोटे बोलण्याविषयी केलेला उपदेशही आहे. तो दगड तिथून काढून एकोणिसाव्या शतकातच कोलकात्याला नेला, आज तो एशियाटिक सोसायटीत आहे. टेकडीवर आम्ही बसलो आणि राहुलोवाद मराठीत वाचला. एवढ्या लांब, एवढ्या उन्हात, उपासिका म्हणून आपले नाव ज्या लेखात होते त्या जागी.

आता थोडे कामाचे. अशी सहल पुन्हा काढायची तर नोव्हेंबर ते जानेवारी हाच काळ. पावसाळ्यात रणात पाणी असते आणि मार्चनंतर ऊन सोसत नाही. कंपनीशी बोलताना आपली ठिकाणे आणि तिथे थांबायचा वेळ कागदावर लिहून घ्यावा. वयस्कर माणसांसाठी काठी आणि गुडघ्याचा पट्टा बरोबर असू द्या. तीन-चार तरुणांनी तरी ब्राह्मी शिकून यावे, म्हणजे गाईडवर अवलंबून राहायला नको. सरावासाठी दूर जायला नको. दापोली तालुक्यात पन्हाळेकाजीला कोटजाई नदीकाठी २९ लेणी आहेत. सुरुवात बौद्ध भिक्षूंची, नंतर नाथपंथीयांच्या खुणा. आपल्याच जिल्ह्यात असून या सभेत किती जणांनी पाहिली आहेत? हात वर करा बघू. ... चार. बरे.

तर पुढच्या महिन्यात पौर्णिमेनंतरच्या रविवारी सकाळी सहा वाजता विहारासमोरून गाडी निघेल. नावे आज वंदनेनंतर माझ्याकडे द्यायची, डबा ज्याचा त्याने आणायचा, पाणी दोन बाटल्या.

नमो बुद्धाय. जयभीम.