मामूंचा रिपोर्ट आणि थांबलेल्या पेशी



मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. बीडच्या माझ्या मामूंना गालाचा कॅन्सर झाला, तेव्हा रिपोर्ट समजावा म्हणून जे शिकलो, ते सांगतो.

मामू वीस वर्षं गुटखा खात होते. २०१२ मध्ये राज्यात बंदी आली, मामूंची पुडी चालूच राहिली. सुपारीनं गाल आतून ताठ होतो. त्यांच्या तोंडात दोन बोटं जाईनात, सालन झोंबायचं. घरात सगळ्यांचं एकच मत : प्रतिकारशक्ती कमी झालीय. मग कलौंजीचं तेल, काढा, टॉनिक. चार महिने गेले. पुण्याहून बाटल्या पाठवणारा मीच.

बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये मात्र गाठीभोवती लिम्फोसाइट्स असल्याचं लिहिलं होतं. म्हणजे लढणाऱ्या पेशी तिथं पोचल्या होत्या. मग लढत का नव्हत्या?

टी पेशीवर पीडी-१ नावाचं एक बटण असतं. पेशींनी भलत्या जोरात येऊन आपल्याच शरीरावर हल्ला करू नये, म्हणून ते असतं. कॅन्सरची पेशी हे बटण दाबणारं प्रथिन, पीडी-एल१, स्वतःच्या अंगावर आणते. आमच्या भाषेत, प्रोसेस क्रॅश झालेली नसते, पॉज केलेली असते. काढ्यानं ते बटण सुटत नाही. शिवाय काही भक्षक पेशी उलट गाठीलाच रक्तवाहिन्या वाढवायला मदत करतात!

पीडी-१ शोधणाऱ्या तासुकू होन्जो यांना २०१८ चं नोबेल विभागून मिळालं. हे बटण दाबू न देणारं औषध म्हणजे निवोलुमॅब. पूर्ण डोस आपल्याकडे मोजक्यांनाच परवडतो. म्हणून मुंबईच्या टाटा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी १५१ रुग्णांवर चाचणी केली. नेहमीचा डोस दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम. त्यांनी तीन आठवड्यांनी फक्त २० दिला, सोबत तोंडावाटे घ्यायची औषधं. नुसत्या त्या औषधांवर वर्षभरानंतर शंभरात सोळा जण हयात होते, निवोलुमॅब जोडल्यावर त्रेचाळीस. रुग्ण आजार फार पुढे गेलेले होते, हे लक्षात घ्या. तरीही सत्तावन्न गेलेच.

मामूंचं ऑपरेशन झालं, अर्धा जबडा गेला.

तीन बोटं उभी धरून तोंडात घालून बघा. जात नसतील, पांढरा-लाल चट्टा असेल, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजात कान-नाक-घसा विभागात दाखवा.

मामू मागच्या रांगेत बसलेत. त्यांचं बोलणं समजायला जरा वेळ लागतो, पण विचारा त्यांना.