काळीची नावे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



‘माझे गाव’ या विषयावर बोलावे, अशी चिटणिसांची आज्ञा झाली तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. परमुलखात राहून गावाविषयी बोलू लागले की माणूस नकळत खोटे बोलू लागतो. कोरड्या ओढ्याला बारमाही पाणी येते, आणि जिच्या हातचा मार खाल्ला ती आजी एकाएकी मायाळू होते. परंतु गेल्या वर्षी एका कामासाठी गावी जाणे झाले आणि तेथे जे घडले ते कुणाला तरी सांगावे असे वाटत होते. म्हणून आज उभा आहे.

माझे गाव सोलापूर जिल्ह्यात, मंगळवेढे तालुक्यात. पंढरपूरपासून मंगळवेढे वीस-पंचवीस किलोमीटर. दुष्काळात बादशाही कोठारे रयतेसाठी खुली करणाऱ्या दामाजीपंतांची कथा याच मंगळवेढ्याची. मुलूख काळ्या भारी जमिनीचा आणि बेभरवशाच्या पावसाचा. आमच्याकडे मृगाचा पाऊस पडला म्हणून कुणी शाळू पेरायला धावत नाही. पावसाळाभर कुळवाच्या पाळ्या घालायच्या, रानाला पाणी पिऊ द्यायचे आणि उत्तरा-हस्ताच्या सुमारास वाफसा आला की तिफण चालवायची. त्यानंतर पाऊस आला तर देवाची कृपा. एरवी पोटात साठलेल्या ओलीवर आणि थंडीवर पीक उभे राहते. त्या शाळूचे नाव मालदांडी. त्यातूनच १९३०च्या दशकात मोहोळच्या केंद्रावर निवडलेले वाण आजही पेरले जाते आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. आम्हांला लहानपणी हे मानांकन वगैरे ठाऊक नव्हते. भाकरी पांढरी असते, एवढेच ठाऊक होते.

माझा जन्म १९६० चा. कणसात दाणा भरू लागला की पाखरे राखण्याचे काम घरातल्या पोराकडे येई. रानाच्या मध्यावर चार मेढी रोवून उंच माळा बांधलेला असे. दिवस उगवायच्या आत त्यावर चढायचे, गोफण घ्यायची आणि ऊन तापून पाखरांचा जोर ओसरेपर्यंत ओरडत राहायचे. दुपार टळली की पुन्हा तेच. शाळा बुडे, त्याचे दुःख मला होत नसे. गुरुजींनाही फारसे होत नसावे, कारण हुरड्याला तेही येत.

आपण कोठे आहोत, हे मला त्या माळ्यावर कळले. शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात आमचे गाव नव्हतेच. माळ्यावरून मात्र सारे दिसे आणि जे दिसे त्याला नाव होते. वस्तीची जागा ती पांढरी आणि पिकाची जमीन ती काळी, ही तर जुनी जोडी. पण नुसते ‘काळी’ म्हणून घरात भागत नसे. थोरली काळी वेगळी, बारवेची वेगळी. लवणातल्या रानाला ‘लवण’. मीठ फुटून पाणी धरणारे ते ‘चोपण’. तेथे बैल घालण्यापूर्वी वडील दोनदा विचार करीत. एका रानाचे नाव होते ‘नवी’. ते आजोबांनी माझ्या वडिलांच्या बारशाच्या वर्षी विकत घेतले होते. वडील म्हातारे होऊन गेले, तरी ते रान नवीच राहिले. ‘न्याहारी नवीत आण,’ असे सांगितले की आठ वर्षांचे पोर डोक्यावर दुरडी घेऊन बरोबर तेथे जाऊन उभे राही.

आणि एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती टाळली तर मीही त्या बारमाही ओढ्यातलाच होईन. माळ्यावरून गावाच्या खालच्या अंगाची वस्तीही दिसत असे. तेथील माणसे आमच्या रानात खुरपत, काढणी करीत, पेंढ्या बांधीत. पण त्या वस्तीत मी कधी पाऊल टाकले नव्हते. चोखोबांनी ज्या मंगळवेढ्यात गावकुसाचे काम करताना, कोसळलेल्या भिंतीखाली देह ठेवला, त्याच मुलखातले आम्ही. माझ्या ओळखीच्या मुलखात तेवढी जागा कोरी होती आणि ती कोरी आहे हेसुद्धा मला उमगले नव्हते.

१९७२ साली माळा बांधलाच नाही. राखायला कणीस नव्हते. हिरवे झाड दिसेल तेथे कुऱ्हाड लागली. पाल्यावर जनावरे आणि लाकडावर चुली जगवायच्या होत्या. सारे गाव दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले, त्यात माझी आईही होती. घरात रेशनची तांबडी मिलो आली. मालदांडीच्या मुलखात ती भाकरी खाताना वडील ताटाकडे पाहत नसत. शेतीवर विसंबून राहू नये, असे त्यांनी ठरवले ते त्याच वर्षी, असा माझा तर्क आहे. आम्हा भावांपैकी एकाला शिकवून बाहेर पाठवायचे ठरले आणि तो एक मी निघालो. १९८२ मध्ये येथे भिलाईला कारखान्यात नोकरीस लागलो. थोरल्या भावाने, दादाने, माती सांभाळली.

येथे आल्यावर पहिल्याच पावसात दुर्गकडचा एक सहकारी मला त्याच्या शेतावर घेऊन गेला. तो जमिनीची नावे सांगू लागला: भाटा, मटासी, डोरसा आणि भारी काळी ती कन्हार. भाषा परकी, पीक धानाचे. पण कन्हारचा चिखल बुटाला लागला तेव्हा मला घरी आल्यासारखे वाटले. माझी मुलगी भिलाईतच वाढली. ‘तुझे गाव कोणते?’ म्हटले की ती ‘भिलाई’ म्हणे आणि मी ‘मंगळवेढे’ अशी दुरुस्ती करीत असे. रात्री भट्टीकडचे आकाश उजळले की ती खिडकीतून पाहून, आज मळी कोणत्या बाजूला ओतली ते सांगे. हे ऐकल्यापासून मी दुरुस्ती करणे सोडून दिले.

आता गेल्या वर्षीची हकीकत. जमीन दादाने आणि त्याच्या मुलांनी कसली. तिच्यावरचा माझा हक्क सोडून द्यावा, असे मीच ठरवले होते. हक्कसोडपत्राचा कागद समोर आला. त्यात गट नंबर, हेक्टर, आर आणि चतुःसीमा. मी तीनदा वाचला. यातली नवी कोणती, चोपण कोणते, हे मला कागदावरून ओळखता येईना. कायद्याला आकडाच लागतो, याबद्दल तक्रार नाही. पण जे सोडायचे ते काय आहे, हे तरी कळायला हवे होते.

मी दादाला म्हणालो, सही उद्या करू. आज प्रत्येक गटापुढे नाव लिहू. दादा हसला, पण वहीचे पान फाडून बसला. पाच नावे जुळली. सहाव्या तुकड्यावर अडले. मी म्हणालो ‘धाकटी काळी’, तो म्हणाला ‘बांधाखालची’. वहिनींना विचारले, त्या तिसरेच बोलल्या. शेवटी त्या म्हणाल्या, त्या रानात आयुष्यभर खुरपलेली एक म्हातारी खालच्या वस्तीत आहे, तिला विचारा.

आम्ही दोघे गेलो. पासष्टीला टेकल्यावर मी त्या वस्तीत पहिल्यांदा शिरत होतो. म्हातारी ओट्यावर बसली होती. आम्हांला पाहून उठू लागली; मी ‘मावशी, बसा’ म्हणून तिच्याशेजारी टेकलो, तेव्हा ती थोडी अंग चोरून बसली. दादाने प्रश्न विचारला.

“तुमचं काय नाव हाय ठाव न्हाई,” ती म्हणाली. “आमी बायका तिला सावलीची म्हंतो.”

“तिथे कसली सावली, मावशी?” दादाने विचारले. “झाड नाही, झुडूप नाही.”

“बाभूळ हुती न्हवं. दुपारची भाकर आमी तितंच खायचो. बाह्यात्तरला तोडली तुमच्या बापानं.”

दादा काही बोलला नाही. घरी आल्यावर त्याने सहाव्या गटापुढे ‘सावलीची’ असे लिहिले आणि आपले व माझे नाव खोडून टाकले. दुसऱ्या दिवशी मंगळवेढ्यास जाऊन मी सही केली.

त्या पानाची एक प्रत दादाकडे आहे, एक मी घेऊन आलो आहे. कुणास पाहावयाची असल्यास अवश्य घरी यावे. दादाने बरोबर दिलेले मालदांडीचे पीठही अजून दोन-तीन वेळा पुरेल इतके शिल्लक आहे.