चाकावाचून मातीकाम
(मंडळाच्या वर्धापनदिनी हट्टा येथे दिलेले भाषण)



आजच्या विषयाला चाक लागत नाही आणि भांडवलही लागत नाही. लागते ती माती, पाणी आणि धीर. ही विद्या आपणांस परकीही नाही. चूल घालणे, कणगी लिंपणे, पोळ्याचे बैल करणे हे आपल्या आयाआज्या कोणत्या शाळेत शिकल्या होत्या? २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली, पुष्कळ घरांत गॅस आला, डोळ्यांतला धूर कमी झाला. हे उत्तमच झाले. परंतु चूल घालणारा हात मात्र रिकामा झाला, आणि रिकामा हात विद्या विसरतो.

हे हातकाम फार जुने आहे. पुणे जिल्ह्यात इनामगावच्या उत्खननात सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती सापडली. तेथील लोकांना चाक ठाऊक होते. तरी साठवणीचे मोठे रांजण ते हातानेच घडवीत.

आता मातीचे पाहू. आपली काळी माती कापसाला चांगली, पण भांड्याला अवघड. भिजली की ती फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेताला पडतात त्याच भेगा भांड्याला पडतात. म्हणून ती एकटी वापरू नये. तळ्याचा गाळ घ्यावा आणि त्यात चाळलेली बारीक वाळू किंवा वाळलेली लीद मिसळावी. चार भाग मातीस एक भाग वाळू, येथून आरंभ करावा. मग करंगळीएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळावी. ती तुटली तर चिकटपणा कमी आहे असे समजावे. ओल्या वडीवर दहा सेंटिमीटरची रेघ ओढून ती वाळल्यावर मोजावी. नऊच्या खाली आली तर वाळू वाढवावी.

आपल्याकडच्या मातीत आणखी एक शत्रू असतो, तो म्हणजे चुनखडीचा खडा. भाजताना त्याचा कळीचा चुना होतो. पुढे हवेतली ओल शोषून तो फुगतो आणि चांगल्या भांड्याचा टवका उडवतो. म्हणून माती वाळवून, फोडून, बारीक चाळणीने चाळावी. खड्याची शंका आली तर त्याची पूड करून वर लिंबू पिळावे. बुडबुडे आले की ती चुनखडी.

चाळलेली माती दोन-तीन दिवस भिजत ठेवून कणकेसारखी मळावी. गोळा दोऱ्याने कापून पाहावा; आत पोकळी दिसली तर पुन्हा मळावा.

घडवण्याच्या रीती तीन. पणती किंवा वाटी करायची तर गोळ्यात अंगठा रोवून चिमटीने कड वाढवावी. कुंडी करायची तर वळ्या एकावर एक बसवून आतून-बाहेरून सांधे पुसावेत. चौकोनी डबीसाठी माती पोळीसारखी लाटून तुकडे जोडावेत. जोड देताना दोन्ही कडा काट्याने खरवडून त्यांना पातळ चिखल लावावा. नुसते चिकटवलेले कान वाळताना गळून पडतात. जाडी सर्वत्र सारखी ठेवावी, कारण जाड भाग मागे राहतो, पातळ भाग आधी आकसतो, आणि मध्ये तडा जातो.

भांडे सावलीत सावकाश, आठवडाभर तरी वाळवावे. गालाला गार लागले तर आत अजून ओल आहे. ओले भांडे विस्तवात गेले की वाफ होऊन फुटते. गोवऱ्यांच्या भट्टीला प्रथम मंद आच द्यावी, मग वाढवावी. सहाशे अंशांच्या आसपास उष्णता चढल्यावाचून माती पक्की होत नाही. तोवर पाण्यात टाकली की तिचा पुन्हा चिखल होतो. भट्टी आपोआप निवू द्यावी. भाजल्यावर तैलरंग दिलेली भांडी शोभेसाठीच ठेवावीत, खाण्यापिण्यासाठी नव्हेत.

भाजलेले भांडे टिचकीने वाजवून पाहावे. पक्के असेल तर खणखणते, तडा असेल तर बद्द वाजते. गोरोबाकाकांनी याच परीक्षेने नामदेवांना कच्चे ठरवले, अशी कथा आपण ऐकली आहे. नामदेव मग आपल्या औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले, असे सांगतात. कच्चेपणा कळला म्हणजे पक्के होण्याची वाट मिळते.

शेवटी एक प्रश्न. आपण पणत्या करू लागलो तर कुंभाराच्या घराचे काय? त्याचे उत्तर आपणच ठरवायचे आहे. आपल्या कुंड्या, डब्या, खेळणी आपण करू. पण पाण्याचा माठ, संक्रांतीची सुगडी, नवरात्राचा घट हे त्यांच्याकडूनच घेऊ. त्यांच्या घरच्या बाया माती चाळण्यात, मळण्यात जन्म घालवतात. त्यांना मानधन देऊन शिकवायला बोलवावे, अशी माझी मंडळाला विनंती आहे. आणि स्वतः घडवलेल्या दहा पणत्यांतल्या चार फुटल्या, की माठाच्या किमतीसाठी घासाघीस करताना आपली जीभ आपोआप अडखळेल. तेवढे झाले तरी हे मातीकाम शिकल्याचे सार्थक झाले, असे मी समजेन.