पाळीव पालीचा मुडदूस

पाल चुकचुकली कीं मराठी घरांत बोलणें क्षणभर थांबतें; तिला मुद्दाम घरांत आणून जोपासावें ही कल्पनाच पुष्कळांना विचित्र वाटेल. तथापि युरोप-अमेरिकेंत ठिपकेदार अंगाची ‘बिबट्या पाल’ हा आवडता पाळीव प्राणी आहे. तिचें मूळ स्थान अफगाणिस्तान, पाकिस्तान व वायव्य भारत येथील रुक्ष, खडकाळ प्रदेश. कांचेच्या पेटींत तिला ऊब, निवारा आणि पोटभर किडे मिळतात. तरीहि तिचीं हाडें कित्येकदां मऊ पडतात.

भरल्या पोटीं ही उपासमार कां व्हावी? याचें कारण किड्यांच्या घडणींत आहे. किड्याला हाडें नसतात. रातकिड्यांत स्फुरद भरपूर, पण कॅल्शियम त्याच्या मानानें कित्येक पटींनीं कमी. पालीच्या आहारांत मात्र एक भाग स्फुरदास दीड ते दोन भाग कॅल्शियम असावें लागतें. ही तूट पडली म्हणजे शरीर स्वतःच्याच हाडांतून कॅल्शियम काढून रक्ताला पुरवितें. मग जबडा लवचिक होतो, पाय वांकतात, अंग थरथरतें. लहान मुलांच्या मुडदुसाचाच हा सख्खा भाऊ.

त्या मुडदुसावर बर्लिन येथें डॉक्टर कुर्ट हुल्डशिन्स्की यांनीं १९१९ सालीं अतिनील किरणांचा उपाय यशस्वी करून दाखविला. हे किरण कातडीवर पडले म्हणजे ड जीवनसत्त्व तयार होतें, व त्यावांचून आंतड्यांत कॅल्शियम नीट शोषलें जात नाहीं. हाडें घडविणारे हे किरण साधी कांच अडविते. म्हणून बंद खिडकींतून येणारें ऊन या कामीं निरुपयोगी.

उपाय सोपा आहे. रातकिड्यांना आदले दिवशीं कॅल्शियमयुक्त सकस खाद्य द्यावें, आणि पालीपुढें सोडतांना त्यांना कॅल्शियम कार्बोनेटच्या भुकटींत घोळावें. किडे ही भुकटी लवकरच झाडून टाकतात. सबब ते लगेच खाऊं घालावे. जीवनसत्त्वांची भुकटी मात्र बेतानें, पशुवैद्याच्या सल्ल्यानें द्यावी. अ जीवनसत्त्व कमी पडल्यास डोळे सुजतात व कात नीट सुटत नाहीं. उलट ड जीवनसत्त्व अति झाल्यास कॅल्शियम मूत्रपिंडांत व रक्तवाहिन्यांत सांचतें. हीं दोन्ही जीवनसत्त्वें शरीरांत सांठून राहणारीं आहेत, त्यामुळें अतिरेकाची खूण उशिरां पटते.

रोग डोळ्यांना दिसूं लागतो तेव्हां हाडांची बरीच हानि झालेली असते, आणि एकदां वांकलेला पाय सहसा सरळ होत नाहीं. ज्यानें प्राण्याचें रान आणि ऊन काढून घेतलें, त्यानें तें चिमटीनें मोजून परत केलें पाहिजे.