उजेडाची ओळख

(मंडळाच्या वर्धापनदिनी सभासद भगिनींपुढे केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या व्याख्यानाला एखाद्या विदुषीला बोलवावे, ही आपल्या मंडळाची रीत. यंदा चिटणीसबाईंनी एका विद्यार्थिनीला बोलावले आहे. पन्नाशी उलटल्यावर मी छायाचित्रणाच्या वर्गात नाव घातले. वर्गातली मुले माझ्या मुलाहून लहान. ती मला 'काकू' म्हणतात आणि माझी तिवई उचलून देतात. तेव्हा शेजारणीने शेजारणीला नवा पदार्थ सांगावा, तसेच आजचे माझे बोलणे समजा.

फोटो काढणे ही आता अपूर्वाई राहिलेली नाही. भाजी आणायला जातानाही आपल्या पिशवीत मोबाइल असतो आणि मोबाइलमध्ये कॅमेरा असतो. फोटो काढताना आपण काय बघतो? पदर नीट आहे ना, सगळ्यांचे डोळे उघडे आहेत ना, कडेची मंडळी कापली जात नाहीत ना. उजेड मात्र कोणी बघत नाही. खरे म्हणजे 'फोटोग्राफी' हा शब्द ज्या दोन ग्रीक शब्दांवरून आला, त्यांचा अर्थच मुळी 'उजेड' आणि 'लिहिणे' असा आहे. शाई न बघता लिहायला बसावे, तसे आपले चालते.

आमच्या गुरुजींनी पहिल्या आठवड्यात कॅमेरा हातात घेऊच दिला नाही. घरात उजेड कुठून येतो, किती वाजता कुठे पडतो, ते वहीत टिपून आणा, म्हणाले. तीस वर्षे ज्या स्वयंपाकघरात मी वावरले, तिथे सकाळी आठच्या सुमारास माठावर पडणारे ऊन मी या अभ्यासापायी पहिल्यांदा निरखून पाहिले. आपल्यातील ज्यांचे बालपण कौलारू घरात गेले, त्यांना कवडसे आठवत असतील. कौलातली फट वेडीवाकडी, तरी जमिनीवर पडणारा कवडसा गोल. असे का? कारण ते फटीचे चित्र नसून सूर्याचे चित्र असते. २६ डिसेंबर २०१९ रोजी सकाळी आपल्याकडे खंडग्रास सूर्यग्रहण दिसले. त्या वेळी झाडाखाली पडणारे कवडसे कोरीसारखे झाले होते. ज्यांनी ते पाहिले असतील, त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको.

याच तत्त्वावर घरात एक प्रयोग करून बघा. भर दुपारी एका खोलीच्या दारे-खिडक्या गोधड्यांनी, काळ्या कागदाने गच्च बंद करा. रस्त्याकडच्या खिडकीच्या कागदाला वाटाण्याएवढे एकच भोक ठेवा, आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत बसून राहा. समोरच्या भिंतीवर हळूहळू रस्ता उमटू लागतो, तोही उलटा. आमच्या भिंतीवरून भाजीवाल्याची हातगाडी चाके वर करून गेली, तेव्हा माझ्या सासूबाई पोट धरधरून हसल्या. उजेड सरळ रेषेत चालतो. वरून निघालेला किरण भोकातून खाली जातो, खालचा वर जातो, म्हणून चित्र उलटे. कॅमेरा म्हणजे तरी काय, हीच अंधारी खोली लहान करून तिला भिंग बसवलेले!

दुसरा प्रयोग दिव्याच्या अंतराचा. चेहऱ्यापासून दोन फुटांवर असलेला लहानसा दिवा चार फुटांवर नेला, तर उजेड निम्मा होईल असे आपल्याला वाटते. तो निम्मा होत नाही, चौथाई होतो. मला हे गणित पोळपाटावर कळले. तोच गोळा दुप्पट रुंदीची पोळी होईपर्यंत लाटला, तर पोळी निम्मी पातळ होत नाही, चौपट पातळ होते. कारण गोळा लांबीकडेही पसरतो आणि रुंदीकडेही. उजेडाचेही तसेच आहे. याचा उपयोग असा की, दिवा माणसाच्या अगदी जवळ आणला म्हणजे चेहरा उजळतो आणि मागची भिंत आपोआप काळोखात जाते. माझ्या बैठकीच्या खोलीतला पसारा मी असाच नाहीसा करते. आवरण्यापेक्षा हे सोपे!

उजेडाचा मऊपणा आणि कडकपणाही असाच हाताळून बघण्यासारखा आहे. दुपारचा सूर्य आकाशात टिकलीएवढा, म्हणून नाकाखाली आणि डोळ्यांत काळ्या कडक सावल्या पडतात. ढग आले की सारे आकाशच दिवा होते आणि सावल्या मावळतात. घरात ढग आणायचा तर खिडकीवर जुने पांढरे धोतर ताणून बांधावे. चेहऱ्याची दुसरी बाजू फार अंधारात गेली, तर त्या बाजूला पांढरी चादर धरावी. एवढ्या सामानावर मी पहिले सहा महिने काढले.

आता कॅमेऱ्यावाचून फोटो काढण्याची एक युक्ती सांगते. १८४२ साली जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने 'सायनोटाइप' नावाची रीत शोधली. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांचे पाण्यातले द्रावण कागदाला लावून तो अंधारात वाळवायचा. त्यावर पान-फूल ठेवून, काच दाबून उन्हात धरायचा आणि मग साध्या पाण्याने धुवायचा. ऊन लागले तिथे कागद गर्द निळा होतो, सावली पडली तिथे पांढरा राहतो. पुढच्याच वर्षी, १८४३ मध्ये, ॲना ॲटकिन्स या बाईंनी समुद्रातल्या शेवाळांची अशी निळी चित्रे करून त्यांच्या पुस्तकाचा पहिला भाग काढला. छायाचित्रांनी सजवलेले पहिले पुस्तक म्हणून त्याचे नाव घेतात. म्हणजे या कलेच्या बाळपणीच एक बाई तिथे होती, हे ध्यानात असू द्या.

मी शेवग्याची डहाळी ठेवून पाहिली, कढीलिंब ठेवून पाहिला आणि शेवटी आईने विणलेला क्रोशाचा रुमाल ठेवला. चैत्रातल्या उन्हात दहा-बारा मिनिटे पुरली. कागद धुतल्यावर रुमालाचा एकेक टाका पांढरा उमटला. मौज अशी की, निळा रंग पहिल्या दिवशी फिका असतो आणि दुसऱ्या दिवशी मेंदीसारखा चढतो. हातमोजे मात्र घालावेत, आणि या कामाची भांडी स्वयंपाकाला पुन्हा वापरू नयेत.

वर्गात एकदा आम्हांला 'उजेडाने रेघ ओढणे' हा विषय मिळाला. अंधाऱ्या खोलीत कॅमेरा तिवईवर ठेवून त्याची झडप वीस-तीस सेकंद उघडी ठेवायची. तेवढ्या वेळात दिवा जिथून फिरेल तिथे रेघ उमटते. १९४९ साली ज्यॉन मिली या छायाचित्रकाराने चित्रकार पिकासोच्या हाती असा दिवा देऊन त्याच्याकडून हवेत चित्रे काढून घेतली होती. त्याच्याही आधी, १९१० नंतरच्या काळात, अमेरिकेत फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ हे दांपत्य कामगारांच्या हातांना बारीक दिवे बांधून, त्यांची कोणती हालचाल फुकट जाते, ते अशा फोटोंवरून शोधत असे. या लिलियनबाई बारा मुलांची आई. पुढे त्यांनी स्वयंपाकघरातले श्रम कमी कसे करावेत, याचाही अभ्यास केला.

हे वाचल्यावर मी सासूबाईंच्या मनगटाला नखाएवढा दिवा बांधला, खोलीत काळोख केला आणि त्यांना परातीत भाकरी थापायला सांगितले. "तुम्हांला अंधारात जमेल ना?" असे विचारले. त्या म्हणाल्या, "अगं, भाकरी डोळ्यांनी कोण थापतं?" तीस सेकंदांनी झडप मिटली. फोटोत ना परात होती, ना सासूबाई. होती फक्त सोन्याच्या तारेची वेटोळी, एकात एक, जवळजवळ एकाच मापाची. साठ-पासष्ट वर्षांचा सराव त्या तारेत दिसत होता. मग मी तोच दिवा माझ्या मनगटाला बांधला. माझी तार जरा हेलकावे खात होती, एवढेच सांगते. सासूबाईंनी तो फोटो देवघरापाशी लावून घेतला आहे. आल्यागेल्याला दाखवून त्या म्हणतात, "ही माझी भाकरी."

भगिनींनो, आतापर्यंतचे बोलणे गमतीचे झाले. आता ज्यासाठी मी आज उभी राहिले, ते सांगते.

माझी एक भाची आहे. रंगाने सावळी, डोळ्यांनी बोलकी. लग्नासाठी तिचा फोटो एका दुकानात काढून घेतला. फोटो आला तो असा की, चेहरा पिठूळ गोरा, मान निराळ्या रंगाची आणि हनुवटीवरचा तीळ पुसलेला. भाचीने फोटो हातात घेतला आणि मला विचारले, "मावशी, ही कोण?"

यात केवळ दुकानदाराला बोल लावून भागत नाही. कॅमेऱ्याचा एक हिशेब आहे, तो आपण समजून घेतला पाहिजे. समोरचे सगळे दृश्य मिळून मध्यम राखाडी आहे, असे कॅमेरा धरून चालतो. पांढऱ्या गाईने सारी चौकट भरली, तर तो तिला राखाडी करतो. काळ्या म्हशीने भरली, तर तिलाही राखाडी करतो. सावळी मुलगी पांढऱ्या भिंतीपुढे उभी केली की, कॅमेरा भिंतीला भिऊन उजेड कमी घेतो आणि मुलीचा चेहरा काळवंडतो. मग तो काळवंडलेला चेहरा पुसून गोरा करण्याचा उद्योग सुरू होतो. दोष उजेडाच्या मापाचा, आणि शिक्षा मुलीच्या कातडीला!

हा पक्षपात यंत्राच्या मागेही होता. रंगीत फोटो छापणाऱ्या प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी अमेरिकेतील कोडॅक कंपनी एक नमुना-कार्ड पाठवत असे. त्यावर अनेक वर्षे गोऱ्या बाईचेच चित्र असे. त्या कार्डाला 'शर्ली' असे नाव पडले होते. तिचा वर्ण बरोबर छापला गेला म्हणजे फोटो बरोबर, असे ते माप. निरनिराळ्या वर्णांच्या तीन स्त्रिया एकत्र दाखवणारे कार्ड निघायला १९९० नंतरचे दशक उजाडावे लागले.

भाचीला मी पांढऱ्या भिंतीपासून दूर केले आणि खिडकीपासून तीन फुटांवर, जरा तिरपे बसवले. खिडकीवर धोतर, दुसऱ्या बाजूला चादर, मागे गडद हिरवा पडदा. माप भिंतीचे न घेता चेहऱ्याचे घेतले. मोबाइलवरही हे जमते. पडद्यावर चेहऱ्यावर बोट ठेवावे, आणि बोट वर-खाली सरकवून आपल्या डोळ्यांना खरे वाटेल इतका उजेड ठेवावा. बाजूने येणारा मऊ उजेड सावळ्या कांतीवर जसा तकतकतो, गालाची आणि कपाळाची घडण दाखवतो, तसा समोरून मारलेला झगमगाट कधीच दाखवीत नाही. फोटोत भाची तिच्या खऱ्या रंगाची दिसली. तीळही जागच्या जागी होता.

तिने दोन्ही फोटो आईपुढे ठेवले आणि सांगितले, "ज्यांना हा दुसरा चालणार नाही, त्यांच्या घरी मला पाठवू नकोस." घरात दोन दिवस अबोला झाला. तिसऱ्या दिवशी माझ्या बहिणीने मुकाट्याने दुसरा फोटो माहितीच्या कागदाला जोडला. लग्न जमले का, असे आपण विचाराल. बोलणी चालू आहेत. परंतु आता जे बघायला येतील, ते माझ्या भाचीलाच बघायला येतील, एवढे खरे.

वयाची सबब सांगणाऱ्या भगिनींसाठी एक गोष्ट. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन या १८१५ साली कलकत्त्यात जन्मल्या. १८६३ मध्ये, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्यांना लेक-जावयाने कॅमेरा भेट दिला. बाईंनी कोळशाच्या कोठीची अंधारी खोली केली, कोंबड्यांच्या काचघराची चित्रशाळा केली आणि जगात नाव मिळवले. आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला. जन्म १९१३, नवसारीचा. शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत. त्यांचे सुरुवातीचे फोटो त्यांच्या यजमानांच्या नावाने छापले जात, कारण बाईचे नाव कोणाला ठाऊक नव्हते. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले, ते मात्र त्यांच्या स्वतःच्या नावाने.

शेवटी मंडळाला तीन विनंत्या करते. पहिली, मंडळाच्या जुन्या समूहचित्रांतील ज्या भगिनींना आपण आज ओळखतो, त्यांची नावे फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहून ठेवावीत. ओळखणारे डोळे आहेत तोवरच हे काम होईल. दुसरी, दर महिन्याच्या एका शनिवारी दुपारी मंडळाच्या खोलीत आपण उजेडाचे प्रयोग करावेत. सामान म्हणजे एक खिडकी, एक धोतर आणि एक चादर. तिसरी, आपल्यापैकी कोणाच्या मुलीचा फोटो लग्नासाठी, नोकरीसाठी किंवा परीक्षेच्या अर्जासाठी हवा असेल, तर तिला त्या शनिवारी घेऊन यावे. आम्ही तिला गोरी करणार नाही, काळीही करणार नाही. ती आहे तशी दिसेल, एवढी तजवीज करू.