चिठ्ठीवाचून उपचार

फिलिपिन्सच्या सरकारी रुग्णालयांचा विषय निघाला की पहिला प्रश्न खाटांचा येतो. मनिलातल्या टाफ्ट ॲव्हेन्यूवरचं फिलिपिन जनरल हॉस्पिटल 1910 साली सुरू झालं. सुमारे दीड हजार खाटांचं हे रुग्णालय आजही देशभरातल्या गरिबांचा शेवटचा आधार आहे. त्याच शहरातल्या फाबेला प्रसूतिगृहात कैक वर्षं एकेका खाटेवर दोन-दोन बाळंतिणी तान्ह्यांना उराशी धरून पडलेल्या असत. सरकारी रुग्णालयांत व्हेंटिलेटर मोकळा नसला, तर रुग्णापाशी बसलेल्या नातेवाइकाला, तिथे त्याला 'बांताय' म्हणतात, अंबू बॅग, म्हणजे छातीत हवा ढकलणारी पिशवी, हातानं दाबत राहावं लागतं. हात थांबला की आपल्या माणसाचा श्वास थांबेल, हे त्याला ठाऊक असतं.

ही गर्दी मनिलात का लोटते? देश साडेसात हजारांहून जास्त बेटांचा. 1991च्या स्थानिक शासन कायद्यानं आरोग्यसेवा खालच्या हाती दिली: गावचं आरोग्य केंद्र महापौराकडे, प्रांतिक रुग्णालय गव्हर्नरकडे, आणि मोठी रुग्णालयं राष्ट्रीय आरोग्य खात्याकडे राहिली. हेतू चांगला होता. पण जबाबदारी गेली तेवढा पैसा तिच्यामागून गेला नाही. शिवाय तीन पायऱ्यांचे तीन धनी झाले. गावातून प्रांतात आणि प्रांतातून मोठ्या रुग्णालयात रुग्ण पाठवण्याची साखळी विस्कटली. ज्याच्याकडे बोटीचं भाडं असतं, तो थेट राजधानी गाठतो. दुर्गम गावांत डॉक्टर पाठवण्यासाठी आरोग्यमंत्री हुआन फ्लाविएर यांनी 1993मध्ये खास योजना काढली, ती याच काळात. परिचारिका तर देश घडवतो आणि परदेशी पाठवतो.

मला आज मुख्यतः बोलायचं आहे ते बिलाबद्दल. आरोग्यविमा देणारं फिलहेल्थ 1995 पासून आहे. 2019च्या सार्वत्रिक आरोग्य कायद्यानं प्रत्येक नागरिक आपोआप त्याचा सदस्य झाला. तरीही देशाच्या आरोग्यखर्चातला चाळीस टक्क्यांहून मोठा वाटा लोक स्वतःच्या खिशातून भरतात. विमा बिलाचा एक भाग उचलतो, आणि उरलेल्या रकमेसाठी घरचं माणूस 'गॅरंटी लेटर', म्हणजे बिलाची हमी देणारी चिठ्ठी, मिळवायला निघतं. खासदाराच्या कार्यालयात, रुग्णांना मदत देणाऱ्या सरकारी लॉटरी मंडळाच्या रांगेत, समाजकल्याण खात्यात. अर्ज, डॉक्टरांचा दाखला, बिलाची प्रत, प्रत्येक ठिकाणी पुन्हा तेच. ही दारं एका छताखाली आणण्यासाठी रुग्णालयांत 'मालासाकित' केंद्रं निघाली. पायपीट कमी झाली, पण हात पसरणं संपलं नाही. कायद्यानं जो हक्क आहे, तो मत मागणाऱ्याच्या सहीनं हातात पडावा, ही गोष्ट मला अत्यंत अन्यायाची वाटते. आजारी माणूस कुणाचा उपकृत असता कामा नये.

पैसा नाही म्हणावं, तर तसंही नाही. 2024मध्ये फिलहेल्थचे 60 अब्ज पेसो 'शिल्लक' ठरवून सरकारी तिजोरीत वळवले गेले. पुढची रक्कम सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबरमध्ये रोखली. 2025च्या अंदाजपत्रकात फिलहेल्थला अनुदान शून्य, आणि गॅरंटी लेटरमागच्या वैद्यकीय मदतीला मात्र अब्जावधी. एकाच तिजोरीतून निघणारा पैसा विम्याच्या वाटेनं गेला असता, तर त्याला कुणाचं नाव चिकटलं नसतं. डॉक्टर, परिचारिका आणि रुग्णसंघटना याविरुद्ध रस्त्यावर आल्या, याचं मला मोल वाटतं. 2025च्या अखेरीस ते 60 अब्ज परत करण्याचा आदेश न्यायालयानं दिला.

जुलै 2025मध्ये राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांनी आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत जनरल वॉर्डातल्या रुग्णाला बिल भरावं लागणार नाही, असं जाहीर केलं. चिठ्ठीवाचून उपचार! पाऊल योग्य दिशेचं आहे. पण सुरुवातीला त्यात गव्हर्नरांची आणि महापौरांची रुग्णालयं नव्हती, आणि सामार बेटावरच्या कोळ्याला जवळ पडतं ते नेमकं त्यांतलंच रुग्णालय. बिलमाफी आधी तिथे पोहोचायला हवी होती. माफीमुळे मोठ्या रुग्णालयांकडे आणखी लोंढा वळणार, आणि तिथल्या खाटा तर आधीच भरलेल्या आहेत.